मदत निघाली, डॉक्टर

९ सप्टेंबर, सोमवार

चौथ्या वर्षाची नवी तुकडी आज सकाळी आठला दाराशी उभी होती. पांढरे डगले कडक इस्त्रीचे आणि चेहरे उतरलेले. क्लिफर्डला बघून एक पोरगी चक्क "कसं वाटतंय आज?" म्हणाली. मी काचेमागून त्याच्या घशातून खोकलो तशी ती दोन पावलं मागे सरकली. ही माझी जुनी खोड आहे.

ही वही पाठीच्या डॉक्टरांनी दिली. दुखणं रोज दहापैकी किती ते टिपा म्हणाले. चोवीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, मणक्याच्या दोन चकत्या गेल्या, आणि आता सहा वर्षं मी कॅनडातल्या विनिपेगच्या या रुग्णालयात सरावाची खोली सांभाळतो. क्लिफर्ड म्हणजे प्लास्टिकचा पेशंट. त्याची छाती वरखाली होते, जीभ सुजते, जबडा आवळतो, आणि मी कळ दाबली की श्वास बंद पडतो. मग पोरांनी त्याला वाचवायचं. आधी मास्क, मग घशातून श्वासनलिकेत नळी, तेही जमलं नाही तर मदत बोलवायची, आणि अगदीच वेळ आली तर गळ्याला पुढून छेद. मी काळ्या काचेमागे बसून ऑक्सिजनचे आकडे खालीवर करतो, क्लिफर्डचा आवाज काढतो, नर्सचाही काढतो. पाठ: सहा.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज माझं डोकं चाललं, म्हणून लिहितो.

खोलीत भिंतीवर फोन आहे. पोरांना "मदत बोलवा" म्हटलं की ती फोनकडे धावतात, नंबर आठवत बसतात, मग मी इथून उचलून टेलिफोनवाल्या बाईचा आवाज काढायचा, कुठला मजला, कुठली खोली, सगळं विचारायचं. दर वेळी चाळीस-पन्नास सेकंद त्यातच जातात. एका गटाला बारा मिनिटं मिळतात, त्यात घशाचं काम शिकवायचं की फोन करायला? मी डॉ. ओसाचुकना म्हटलं, फोन काढूनच टाकू. पोरांनी मोठ्याने म्हणायचं, "मदत हवी, भूल देणारे डॉक्टर बोलवा." मी छतातल्या स्पीकरवरून उत्तर देईन, "मदत निघाली, डॉक्टर." की मार्कांच्या कागदावर त्या चौकटीत खूण.

डॉ. ओसाचुक या खोलीच्या प्रमुख. बाई भूलतज्ज्ञ आहेत, हाताने अत्यंत हुशार, पण कौतुक करायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. आज म्हणाल्या, "ओरेस्ट, हे मला सहा वर्षांत कसं सुचलं नाही?" बारा मिनिटांत पाच सराव व्हायचे, आता सात होतील.

बायकोला, डोरीनला, जेवताना सांगितलं. ती शाळेची बस चालवते, तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. म्हणाली, "आणि खऱ्या वॉर्डात छतात कोण बसलेलं असतं?"

"देव," मी म्हटलं.

"मग त्याला आधी नोकरीवर घे," ती म्हणाली आणि पिरोगींवर, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांवर, कांदा वाढला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तिसऱ्या गटातली मार्लिस हार्डर. आल्टोना गावाकडची मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातली पोरगी, शेतकऱ्याच्या घरातली. हात बघावेत तर असे की जन्मभर हेच करत आली आहे. घसा बघायच्या उपकरणाचं पातं जिभेवरून सरकवून नळी पहिल्या फटक्यात आत, दात न मोडता. मी रुग्णवाहिकेवर बारा वर्षांनी जे शिकलो ते हिला उपजत येतं.

पण आवाज! मांजर बरं. "मदत हवी" हे ती क्लिफर्डच्या कानात गुपित सांगितल्यासारखं म्हणते. ओसाचुकबाईंनी कागदावर फुली मारली. पोरगी बाहेर गेली तेव्हा डोळे लाल होते.

मी तिला जिन्याशी गाठलं. म्हटलं, "अगं, घरी कधी कुणाला हाक मारली नाहीस?"

"आमच्यात मोठ्याने बोलत नाहीत," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, ज्याचं खरं असतं त्याला ओरडावं लागत नाही."

"बाबांना म्हणावं, इथे ओरडावंच लागतं. रोज चारनंतर ये. मी तुला ओरडायला शिकवतो."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मार्लिस आज नवव्यांदा आली. मी माझी युक्ती वापरली. ती पुटपुटली की मी उत्तरच द्यायचं नाही. छत मुकं. क्लिफर्डचा ऑक्सिजन खाली येत राहतो, यंत्राचा टुंटुं आवाज जाड होत जातो, आणि मी गप्प. मग तिला कळतं की आपलं काहीतरी चुकलं. ती पुन्हा पहिल्यापासून, पायरीपायरीने, नीट मान उचलून वर बघून स्वच्छ म्हणते. मग मी लगेच, "मदत निघाली, डॉक्टर." आणि आकडे वर.

आज पहिल्या वेळेलाच काच हादरेल असं म्हणाली. मी काचेमागे टाळ्या वाजवल्या. ती छताकडे बघून हसली, मी तिथेच असल्यासारखी. पाठ: चार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षा झाली. चौदापैकी चौदा चौकटी भरलेली एकच: मार्लिस हार्डर. ओसाचुकबाई म्हणाल्या, "हिला घडवण्यात तुझा वाटा आहे." मी म्हटलं, मी फक्त कळा दाबतो. पण खोटं कशाला बोलू, दिवसभर हवेत होतो.

बाईंनी आमच्या नव्या पद्धतीचा तक्ता करून टोरांटोच्या परिषदेत लावला. तळाशी बारीक अक्षरात माझंही नाव आहे. डोरीनने तो फ्रीजवर चिकटवला आणि त्यावर दुधाची चिठ्ठी लावली.

१५ मे, गुरुवार

आज त्यांना पदव्या मिळाल्या. मार्लिस आईबापांना घेऊन मुद्दाम खाली सरावाच्या खोलीत आली. बाप पीटर हार्डर, पंजे फावड्याएवढे. त्याने टोपी काढून क्लिफर्डला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाला, "हा बिचारा किती वेळा मेला असेल?"

"तुमच्या मुलीच्या हातून एकदाही नाही," मी म्हटलं.

आईने घरचे डबल पाव आणि भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पिशवी दिली. पोरीला आमच्याकडेच शस्त्रक्रिया विभागात जागा मिळाली आहे. जुलैपासून ती खरी डॉक्टर.

२० ऑक्टोबर, सोमवार

काल दुपारी चौथ्या मजल्यावर काहीतरी झालं. मार्लिसचा पेशंट. लोक लिफ्टमध्ये बोलतात आणि मी आत शिरलो की थांबतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मार्लिसची ती पेशंट आज पहाटे गेली. कोरिन लाव्हॅली, वय एक्केचाळीस, गळ्यातल्या थायरॉइडची गाठ काढली होती. ऑपरेशन उत्तम झालं होतं. रविवारी दुपारी अडीचला गळ्यात आतून रक्त साठलं, गळा फुगला, श्वासनलिका दाबली गेली. मार्लिस वॉर्डात होती, धावत गेली. खोलीत ती, एक नर्स आणि एक मदतनीस. मास्क लावला, नळीचे प्रयत्न केले, आत सगळं सुजलेलं. नर्स उपकरणांची गाडी आणायला गेली. भूल देणारे डॉक्टर बरोबर खालच्या मजल्यावर होते, चहा पीत. दीड मिनिटात आले असते. त्यांना कुणी बोलावलंच नाही. नर्स गाडी घेऊन परत आली तेव्हा तिने विचारलं, "कोण येतंय?" आणि कोणीच येत नव्हतं. तोवर आठ मिनिटं झाली होती.

मी घटनेचा हा अहवाल तीनदा वाचला. मला एकच कळतं, पोरीने मदत मागितलीच असणार. ती विसरणं शक्य नाही, मी स्वतः शिकवलंय. मग ऐकणारे बहिरे होते का? रविवार, निम्मे लोक सुटीवर, मदतनीस नवखा. नेहमीचंच. वरच्यांनी माणसं कमी करायची आणि गळ्याला फास धाकट्या डॉक्टरच्या.

मार्लिसला फोन केला. उचलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आता नवंच. त्या मदतनिसाने जबाब दिलाय. चांगला माणूस आहे, बेनेडिक्टो, फिलिपाइन्सचा, खोटं बोलणारा नाही. म्हणतो, "डॉक्टर काहीतरी मोठ्याने म्हणाल्या, मग छताकडे बघत थांबल्या. दोनतीन वेळा असं झालं. मला वाटलं प्रार्थना करताहेत. मी पण मान खाली घालून क्रॉसची खूण केली." "मदत हवी" हे ऐकलं म्हणतो, पण ते कुणाचं नाव घेऊन सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं नर्सने घंटा दाबली. नर्सला वाटलं याने.

आणि आता कँटीनमध्ये एकच विषय: पेशंट गुदमरत होती आणि मेनोनाइट बाई हात जोडून उभी होती. हात जोडल्याचं कुणी म्हटलेलंच नाही, पण जिभेला हाड नसतं. मी एका टेबलावर जाऊन म्हटलं, "ती देवाधर्माची असेल, पण काम सोडून आकाशाकडे बघणारी नाही. मी तिला वर्षभर बघितलंय." एक दाढीवाला म्हणाला, "मग छतात काय होतं, ओरेस्ट? कोळी?"

मी ताट उचलून निघालो. घरी येताना सगळी उत्तरं सुचली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्लिसला कामावरून दूर ठेवलंय. जानेवारीत चौकशी समिती बसणार. ती गोठली, भांबावली, प्रार्थना करत राहिली असं ठरलं तर तिचं डॉक्टरपण संपलं. दुसरं कुठलंही रुग्णालय तिला घेणार नाही.

कोरिनच्या नवऱ्याने समितीला पत्र लिहिलंय, त्याची नक्कल फिरतेय. दोनच ओळी आहेत. "मला कुणाला शिक्षा नको. माझी बायको जात असताना डॉक्टर देवाशी बोलत होत्या का, एवढंच मला सांगा."

मी ठरवलंय. आमच्या खोलीत प्रत्येक सरावाचं चित्रण होतं. मार्लिसची सगळी मिळून अकरा आहेत. ती समितीपुढे लावायची. बघा म्हणावं, ही अशी शिकलेली पोरगी आहे, हिच्या तोंडून मदतीची हाक कशी निघते ते ऐका. ओसाचुकबाईंनाही कल्पना पटली. उद्या सगळी काढून ठेवतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अकराही बघितली.

ती वर बघते. "मदत हवी" म्हणते आणि वर बघते आणि थांबते. अकराच्या अकरा वेळा. मी उत्तर देईपर्यंत मान वरच. एकदाही दाराकडे बघत नाही, कुणाला "तू जा" म्हणत नाही. कशाला म्हणेल?

पाचव्या चित्रणात मी बराच वेळ उत्तर देत नाही. ती पुटपुटली होती म्हणून. तिचा चेहरा छताकडे वळलेला आहे, लहान मुलाचा असतो तसा.

पुढे लिहवत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

ओसाचुकबाईंच्या खोलीत दार लावून बोललो. मी म्हटलं, "डॉक्टर, ती प्रार्थना करत नव्हती. माझी वाट बघत होती."

त्यांनी पाचवं चित्रण दोनदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "हे समितीपुढे नेऊ नकोस."

"का?"

"कारण दोन वर्षांत इथून सव्वादोनशे पोरं बाहेर पडली आहेत. उद्या प्रत्येकाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लागेल. ही खोली बंद करतील. मग पोरं कुठे शिकणार, खऱ्या माणसांवर?"

"खऱ्या माणसावरच शिकली ना ती."

"ओरेस्ट." त्यांचा आवाज चढला नाही. "फोन काढायची कल्पना कुणाची होती हे ते पहिल्यांदा विचारतील. माझी सही आहे, मी बघून घेईन. पण तुझी नोकरी जाईल. छप्पन्नाव्या वर्षी, त्या पाठीनिशी, तुला कोण ठेवेल?"

खरं सांगायचं तर मी घाबरलो. घरी येऊन जेवलो नाही. डोरीनने कारण काढून घेतलंच. सगळं ऐकून ती म्हणाली, "बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पोरगी पोटभर जेवल्याचं तुम्ही कागदावर लिहिलंत." मग मला रडू आलं आणि ती माझ्या पाठीला तेल लावत बसली. एरवी मी लावू देत नाही.

रात्री वही उघडून विचार केला की बाई म्हणतात त्यातही तथ्य आहे. सव्वादोनशेतल्या बाकीच्यांना आपण पत्र पाठवू, पद्धत गुपचूप बदलू, पुढे सगळं ठीक होईल. एकटी मार्लिस सोडून. हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं आणि लाज वाटली, तरी खोडत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आल्टोनाला गेलो. उणे सव्वीस, रस्त्यावर बर्फाची भुकटी सापासारखी सरपटत होती. हार्डरांच्याकडे रविवारचा दुपारचा फराळ मांडलेला: पाव, मुरांबा, चीज, कॉफी. कुणी नको म्हणू देत नाही.

पीटर हार्डर म्हणाला, "शहरात म्हणे तिची चेष्टा करतात. इथे आमच्या चर्चमध्ये गेल्या रविवारी तिच्यासाठी सगळे उभे राहिले. संकटात देवाला हाक मारली, त्यात चूक काय? देवाने त्या बाईला नेलं, ते त्याचं त्याला माहीत."

मार्लिस पाव कुस्करत होती. तिने मान वर केली नाही. आई कपबशा घेऊन आत गेली, बाप गुरांकडे गेला, तेव्हा मी विचारलं, "तू जबाबात का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू?" तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "छतातून आवाज येईल असं वाटलं? वेडी म्हणतील. प्रार्थना म्हटलं की निदान लोक गप्प बसतात. बाबांना तर बरं वाटतं."

"मार्लिस, मी चित्रणं बघितली. मला कळलंय."

तिने हातातला पाव खाली ठेवला. मग म्हणाली, "पहिल्यांदा उत्तर आलं नाही तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, मी चुकले. म्हणून तुम्ही बोलत नाही. मग मी सगळं पहिल्यापासून केलं. मास्क नीट बसवला, मान सरळ केली, परत म्हटलं, अजून स्वच्छ. तरी नाही. मग तिसऱ्यांदा. मला कळत होतं हो ओरेस्ट, की हा वॉर्ड आहे, ही बाई खरी आहे. कळत होतं आणि तरी मी थांबत होते."

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"गळ्याचे टाके उघडून साठलेलं रक्त मी बाहेर काढलं नाही वेळेवर," ती म्हणाली. "दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. ती चूक तुमची नाही."

निघताना आईने बियांची पिशवी हातात दिली. गाडीत बसून इंजिन गरम होईपर्यंत मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. मला वाटतं माझी भीती तिथेच कुठेतरी संपली, किंवा निदान लाजेपेक्षा लहान झाली.

१४ जानेवारी, बुधवार

समितीत सात जण, लांब टेबल, पाण्याचे पेले. मार्लिस एका टोकाला, मागे तिचा बाप टोपी मांडीवर ठेवून. कोरिनचा नवरा दाराजवळच्या खुर्चीत. रस्त्यावर डांबर टाकणारा माणूस आहे, कोट उसना वाटत होता.

मला दहा मिनिटं दिली होती. मी पाचवं चित्रण लावलं. पडद्यावर क्लिफर्ड, मार्लिस, तिची वर वळलेली मान. टुंटुं आवाज जाड होत गेला. टेबलावरचे लोक चुळबुळले. शेवटी स्पीकरमधून आवाज आला, मजेत, जरा लाडाने: "मदत निघाली, डॉक्टर."

अध्यक्ष म्हणाले, "हा आवाज कुणाचा?"

"माझा."

"मग मदत कोण पाठवत होतं?"

"कोणीच नाही. मी आकडे वाढवायचो. फोन होता, तो काढायची कल्पना माझी. ती पुटपुटली की उत्तर द्यायचं नाही, हीही माझीच. त्या रविवारी तिने जे केलं ते मी शिकवलेलं होतं. तिला पैकीच्या पैकी मार्क आहेत."

ओसाचुकबाई उठल्या. मला वाटलं आता माझी धुलाई. त्या म्हणाल्या, "त्या कागदावर सही माझी आहे," आणि बसल्या. एवढंच. पण त्यांचा हात पाण्याच्या पेल्याला लागून पाणी सांडलं आणि ते कुणी पुसलं नाही.

मी मागे वळून कोरिनच्या नवऱ्याला म्हटलं, "साहेब, त्या देवाशी बोलत नव्हत्या. मदतीसाठीच हाका मारत होत्या. तीन वेळा."

अध्यक्ष म्हणाले, नातेवाइकांशी असं थेट बोललेलं इथे चालत नाही. तो माणूस उभा राहिला होता. म्हणाला, "तीन वेळा?" मग खाली बसला आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले. मला वाटलं होतं खरं कळल्यावर त्याला जरा हलकं वाटेल.

पीटर हार्डरने जाताना माझ्याशी हात मिळवला. नजर मात्र मिळवली नाही. त्याच्या मुलीने देवाला हाक मारली नव्हती, हे त्याला माझ्याकडून कळलं.

२० जानेवारी, मंगळवार

निकाल आला. मार्लिसचं डॉक्टरपण राहिलं! ओसाचुकबाई स्वतः खाली येऊन सांगून गेल्या. मी क्लिफर्डच्या खांद्यावर थाप मारली.

मग त्यांनी कागद पुढे केला. अट एकच आहे. वॉर्डात परतण्याआधी डॉ. हार्डर यांनी श्वासमार्गाच्या हाताळणीचा वीस तास सराव करावा. कुठे? रुग्णालयाच्या सरावाच्या खोलीत. कुणाच्या देखरेखीखाली? खोलीच्या तंत्रज्ञाच्या. खोली बंद होणार नाही, पद्धतीचा आढावा घेण्यासाठी उपसमिती नेमली आहे. माझ्या नोकरीबद्दल एक शब्द नाही.

"त्यांना माझं ऐकू आलं ना?" मी विचारलं.

"आलं," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे यासाठी एकच औषध आहे, ओरेस्ट. सराव."

मी राजीनामा लिहिला. डोरीनने वाचला आणि परत दिला. "म्हणजे आता पोरीला तिथे एकटीला पाठवणार तू?" पाठ: आठ.

२ फेब्रुवारी, सोमवार

मार्लिस नऊला आली. केस कापलेत, बारीक झाली आहे. कोट खुंटीला लावला, हात धुतले, क्लिफर्डपाशी गेली आणि काहीच केलं नाही. मी काचेमागे होतो. ती काचेकडे तोंड करून म्हणाली, "बाहेर या. इथे बसा."

मी खुर्ची घेऊन बाहेर आलो, छोटं यंत्र मांडीवर.

"श्वास बंद करा," ती म्हणाली.

मी कळ दाबली. ती भिंतीवरचं घड्याळ बघत दुसऱ्या बाजूला बसली. "आठ मिनिटं. कुणी काही करायचं नाही."

चोवीस वर्षं मी लोक मरताना बघितले, पण तेव्हा माझे हात कामात असायचे. नुसतं बसून कधी बघितलं नव्हतं. पहिल्या मिनिटाला काही वाटलं नाही. दुसऱ्याला आकडे नव्वदच्या खाली आले, आवाज उतरू लागला. तिसऱ्याला माझं बोट आपोआप कळेकडे गेलं.

"हात काढा," मार्लिस म्हणाली.

चौथ्या मिनिटाला मला वाटलं घड्याळ बिघडलंय. पाचव्याला बाहेरून कुणीतरी हसत गेलं, चाकांची गाडी गेली, कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. दार उघडंच होतं. चार पावलं. क्लिफर्ड प्लास्टिकचा आहे हे मला माहीत आहे, त्याची जीभ मी स्वतः महिन्यातून दोनदा साबणाने धुतो, तरी सहाव्या मिनिटाला मी "पुरे ग" म्हणालो. ती नाही म्हणाली. सातव्या मिनिटाला तिने त्याचा हात हातात घेतला. अंगठ्याने त्याची बोटं चोळत राहिली, थंडीत बाहेरून आलेल्या माणसाची चोळतात तशी.

आठ झाली. पडद्यावर सरळ रेघ होती. मी आवाज बंद केला. आम्ही दोघंही घामाघूम झालो होतो.

तिने क्लिफर्डचा हात चादरीवर नीट ठेवला, डोळे पुसले, नवे हातमोजे चढवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "राहिले एकोणीस तास बावन्न मिनिटं. लावा पुढचा."